साथीदाराचें यश

१ नोव्हेंबर २०२५ रोजीं श्री. रोहन बोपण्णा यांनीं व्यावसायिक टेनिसमधून निवृत्त होत असल्याचें जाहीर केलें, तेव्हां वृत्तपत्रांनीं त्यांच्या गौरवार्थ जें कांहीं लिहिलें, त्यांतील बहुतेक मजकूर एकाच आंकड्याभोंवतीं फिरत होता. तो आंकडा म्हणजे त्रेचाळीस. वयाचीं त्रेचाळीस वर्षें पुरीं झाल्यावर ऑस्ट्रेलियन स्पर्धेंतील पुरुष दुहेरीचें विजेतेपद, आणि त्याच वयांत, २९ जानेवारी २०२४ रोजीं, दुहेरीच्या जागतिक क्रमवारींत प्रथमच पहिलें स्थान! चिकाटीनें काय होत नाहीं, असें तात्पर्य काढून लेखक मोकळे झाले. हें तात्पर्य खोटें आहे असें मी म्हणत नाहीं. पण उतारवयांत खेळत राहिलेल्या कोणत्याही माणसास तें लागू पडेल, इतकें तें ढोबळ आहे. या खेळाडूनें नेमकें काय साधलें, आणि जें साधलें तें इतक्या उशिरां कां साधलें, हा प्रश्न त्यांत विचारलाच गेला नाहीं. तो येथें विचारावयाचा आहे. (टीकेच्या सोयीसाठीं यापुढें मी एकवचन वापरणार आहें. कवींविषयीं लिहितांना आपण तें वापरतों आणि त्यांत अनादर मानीत नाहीं.)

खेळाडूच्या कारकीर्दीची चिकित्सा वाङ्मयास वाहिलेल्या मासिकांत कशाला, असें विचारणारे वाचक असतीलच. त्यांना माझें उत्तर असें कीं, ज्या कलेंत यश दोघांचें असतें तिची पारख कशी करावी, हा प्रश्न आपल्या टीकेनें कधींच नीट हाताळलेला नाहीं. आपलीं सारीं मापें एकट्या माणसासाठीं बेतलेलीं आहेत. ८ जुलै १९२१ रोजीं मुंबईंत झालेल्या संयुक्त 'मानापमाना'विषयीं पिढ्यान् पिढ्या जें सांगितलें जातें, तें आठवून पाहावें. भामिनी बालगंधर्वांची, धैर्यधर केशवराव भोंसल्यांचा. आणि चर्चा सदैव एकच, कीं त्या रात्रीं कोणीं कोणावर ताण केली. त्या दोघांचे प्रवेश एकमेकांमुळें कसे उभे राहिले, हें सांगणारा मला अद्याप भेटलेला नाहीं. तीच गोष्ट साथीची. अहमदजान थिरकवाँ बालगंधर्वांच्या गाण्याला तबल्याची साथ करीत, एवढें सर्वांना ठाऊक आहे. त्या साथीनें गाण्यांत काय बदललें, याविषयीं मात्र आपण एखाद्या भारदस्त विशेषणावर भागवून नेतों.

२०१९ च्या जानेवारींत पुण्यास बालेवाडीच्या क्रीडासंकुलांत बोपण्णा आणि दिविज शरण यांचा अंतिम सामना मी पाहत होतों. माझ्या शेजारचे एक गृहस्थ प्रत्येक गुणानंतर विचारीत, "हा कोणाचा?" "आपल्या जोडीचा," असें मी म्हणें. त्यावर ते म्हणत, "तसें नव्हे हो, दोघांतला कोणाचा?" मग शेवटचा फटका ज्यानें मारला त्याचें नांव मी सांगत असें, आणि दर वेळीं आपण कांहीं तरी अर्धवट बोललों अशी चुटपुट मला लागे. एकानें चेंडू प्रतिपक्षाच्या पायांशीं टाकला म्हणून तो वर उचलला गेला, आणि वर आला म्हणून दुसऱ्याला तो खालीं ठोकतां आला. यांत गुण कोणाचा? ते गृहस्थ चांगले जाणते होते. प्रश्न त्यांच्या अज्ञानाचा नव्हता. आपणां सर्वांनाच लागलेल्या संवयीचा होता.

दुहेरी हा एकेरीचाच गर्दी केलेला प्रकार आहे, हा समज पहिल्यानें टाकून दिला पाहिजे. एकेरीच्या कोर्टाची रुंदी २७ फूट, दुहेरीच्या कोर्टाची ३६. लांबी दोन्हींची ७८ फूटच. म्हणजे माणसें दुप्पट होतात आणि जागा मात्र एक तृतीयांशानेंच वाढते. प्रत्येकाच्या वांट्यास अठरा फूट रुंदी येते. त्यामुळें पायांचें काम कमी होतें, पण वेळही आखडतो. कारण प्रतिपक्षाचा एक माणूस बहुधा जाळ्यापाशीं उभा असतो आणि तुमचा फटका अर्ध्या वाटेवरच परतवितो. जेथें पळण्यास जागा नाहीं आणि विचारास वेळ नाहीं, तेथें उपयोगी पडतें तें आधींच केलेलें अनुमान. त्यांतही एक चमत्कारिक अट आहे. जोडीदार सर्व्हिस करीत असतां दुसऱ्यानें जाळ्यापाशीं त्याच्याकडे पाठ करून उभें राहावयाचें असतें. चेंडू आपल्या डोक्यावरून जाईल, कीं मानेवर बसेल, हें त्याला दिसत नाहीं. पाठीमागें धरलेल्या बोटांनीं तो खूण करतो, आणि त्या खुणेप्रमाणेंच चेंडू पडेल या भरंवशावर डावीकडे वा उजवीकडे झेपावतो. चौघांच्या या खेळांतील निम्मी नाट्यमयता त्या पाठींत आहे. आणि दूरचित्रवाणीवर आपण पाहत असतों तो मात्र चेंडू.

आतां प्रतिपक्षाचें म्हणणें ऐकूं, कारण तें हलकें नाहीं. दुहेरी ही एकेरींत थकलेल्यांची धर्मशाळा आहे, असें पुष्कळ जाणकार म्हणतात. एके काळीं जॉन मॅकेन्रो आणि स्टेफान एडबर्ग हे एकेरी आणि दुहेरी या दोहोंतही जगांत पहिले होते. मॅकेन्रोचा जोडीदार पीटर फ्लेमिंग यानें, जगांतील सर्वोत्तम जोडी कोणती असें विचारतां, 'मॅकेन्रो आणि दुसरा कोणीही' असें उत्तर दिल्याचें सांगतात. आज एकेरीचे अग्रणी ग्रँड स्लॅमच्या दुहेरींत क्वचितच उतरतात. मग त्यांच्या अनुपस्थितींत मिळालेल्या पहिल्या क्रमांकाची किंमत ती काय? आणि बोपण्णाही त्या धर्मशाळेंत एकेरीच्या वाटेवर थकूनच आला. एकेरीच्या क्रमवारींत त्याचें सर्वोच्च स्थान २१३ वें, तें २००७ सालीं. हें लपविण्याचें कारण नाहीं.

या आक्षेपास २०२५ च्या ऑगस्टमध्यें न्यूयॉर्क येथें परस्पर उत्तर मिळालें. अमेरिकन स्पर्धेच्या चालकांनीं मिश्र दुहेरीचें रूपच पालटून टाकलें. एकेरींतील नामांकितांना बोलावलें, सेट आंखूड केले, बक्षीस दहा लक्ष डॉलरांचें ठेवलें, आणि दुहेरीच्या नेहमींच्या खेळाडूंना जवळ जवळ बाहेरच ठेवलें. आदल्या वर्षाचे विजेते म्हणून सारा एर्रानी आणि आंद्रेआ वाव्हासोरी ही इटालियन जोडी तेवढी आंत आली. ही दुहेरींतच मुरलेली जोडी. तिनें अंतिम सामन्यांत इगा श्व्यांतेक आणि कास्पर रूड यांस हरवून बक्षीस घरीं नेलें. एका स्पर्धेवरून सिद्धांत मांडूं नये हें मला मान्य आहे. परंतु केवळ मोठीं नांवें शेजारीं शेजारीं उभीं केल्यानें जोडी होत नाहीं, एवढें तरी त्यावरून दिसलें. याच वाव्हासोरीला, तो सिमोने बोलेल्लीसह खेळत असतां, मेलबर्नच्या अंतिम सामन्यांत बोपण्णानें हरविलें होतें, हेंही येथेंच नमूद करतों.

बोपण्णा मूळचा कोडगूचा, कॉफीच्या मळेवाल्याचा मुलगा, जन्म ४ मार्च १९८०. उमेदवारीचा कांहीं काळ त्यानें पुण्यास नंदन बाळ यांच्या हाताखालीं घालविला. २००२ सालीं तो डेव्हिस चषकासाठीं प्रथम खेळला. त्याच्या पूर्ववयांतील खेळाचें वर्णन दोन शब्दांत करतां येईल: सर्व्हिस आणि फोरहँड. दोन्ही जबर, दोन्ही एकट्यानें गुण संपविणारे. सप्टेंबर २०१० मध्यें चेन्नईस ब्राझीलविरुद्ध भारत ०–२ असा मागें पडून २–२ वर आला, तेव्हां पांचवा आणि निर्णायक एकेरी सामना बोपण्णानेंच रिकार्डो मेलोला हरवून जिंकला. त्याच महिन्याच्या आरंभीं तो पाकिस्तानच्या ऐसाम-उल-हक कुरेशीसह अमेरिकन स्पर्धेच्या अंतिम फेरींत खेळला होता. ब्रायन बंधूंनीं त्यांना दोन सेटमध्यें हरविलें, दोन्ही सेट टायब्रेकवर. भारत आणि पाकिस्तान या दोन्ही देशांचे संयुक्त राष्ट्रसंघांतील प्रतिनिधी तो सामना एकत्र बसून पाहत होते, आणि त्या दृश्याचा बोलबाला खेळापेक्षां अधिक झाला. स्नेह खरा होता, याविषयीं मला शंका नाहीं. पण तो सामना आज पुन्हां पाहिला म्हणजे असें दिसतें कीं, एका बाजूस एकच खेळ खेळणारे दोघे जुळे बंधू आहेत, आणि दुसऱ्या बाजूस दोन चांगले खेळाडू आपापला खेळ खेळत आहेत. अंतर चार-दोन गुणांचें होतें. परंतु तें तेथेंच होतें.

पुढलीं बारा-तेरा वर्षें त्याची कारकीर्द जोडीदारांच्या नांवांनींच मोजावी लागते. २०११ सालीं पॅरिसच्या मास्टर्स स्पर्धेंत तो कुरेशीबरोबर जिंकला. २०१२ सालीं त्याच स्पर्धेंत महेश भूपतीबरोबर, आणि तेंही कुरेशीलाच हरवून. मग माद्रिदला रुमानियाचा मर्गिया, माँटे कार्लोला उरुग्वेचा क्वेव्हास. २०१७ मध्यें कॅनडाच्या गॅब्रिएला डाब्रोव्स्कीसह त्यानें फ्रेंच स्पर्धेची मिश्र दुहेरी जिंकली, तीही हरण्याचे दोन क्षण टाळून, निर्णायक टायब्रेक १२–१० असा घेऊन. त्याचें हें पहिलें ग्रँड स्लॅम विजेतेपद, वय सदतीस. पुरुष दुहेरींत मात्र यश हुलकावणी देत राहिलें. ब्रायन बंधूंना जन्मतःच जोडीदार मिळाला होता. बोपण्णाला तो दर दोन वर्षांनीं नव्यानें शोधावा लागला, आणि प्रत्येक वेळीं खुणांची भाषा अ आ इ ई पासून शिकावी लागली. कोणी म्हणेल, हें दुर्दैव. मला त्यांत थोडा त्याचा स्वतःचाही दोष दिसतो, आणि त्यासाठीं २०१२ च्या उन्हाळ्याकडे पाहणें भाग आहे.

तें प्रकरण गौरवलेखांतून बहुधा वगळलें जातें. लिअँडर पेस आणि महेश भूपती यांनीं १९९९ सालीं चारही ग्रँड स्लॅम स्पर्धांच्या अंतिम फेऱ्या गांठून दोन जिंकल्या होत्या; पुढें त्या दोघांचें फाटलें, तें सर्वांस ठाऊक आहे. लंडनच्या ऑलिंपिकसाठीं राष्ट्रीय संघटनेनें याच दोघांची निवड केली. भूपतीनें पेसबरोबर खेळण्यास नकार दिला. मग पेसच्या जोडीस बोपण्णाचें नांव पुढें आलें. त्यानेंही नकार दिला. अखेर दोन जोड्या पाठविल्या गेल्या: भूपती व बोपण्णा ही एक, पेस व विष्णुवर्धन ही दुसरी. दोन्ही जोड्या दुसऱ्या फेरीपलीकडे गेल्या नाहींत. त्या भांडणांत कोणाची बाजू किती खरी होती, याचा निवाडा मला करावयाचा नाहीं. संवयीचा जोडीदार सोडून परक्याबरोबर खेळणें हें कौशल्याच्या दृष्टीनें तोट्याचें आहे, हें बोपण्णाचें म्हणणें तर्कास धरून होतें. पण जी कला मुळांत दुसऱ्याशीं जुळवून घेण्याची, तिच्या उपासकानें 'याच्याशीं माझें जुळणार नाहीं' असें आधींच सांगून टाकावें, हें त्या कलेच्या दृष्टीनें उणेंच आहे. आणि जुळलेंच नसतें असेंही नाहीं. दोनच वर्षांनीं, २०१४ मध्यें, बंगलोरला सर्बियाविरुद्ध पेस आणि बोपण्णा एकत्र खेळले, पहिले दोन्ही सेट हरले, आणि उरलेले तीनही जिंकून पांचवा सेट ८–६ असा घेतला. तो सामना पाहतांना आनंद झाला, आणि राहून राहून लंडनची आठवण आली.

त्याच्या कारकीर्दीचा खरा तळ २०२१ चा आहे. त्या वर्षाच्या प्रारंभीं सामन्यामागून सामने जात होते. पांच महिने एकही विजय मिळाला नाहीं आणि आतां पुरें करावें असा संदेश आपण घरीं पत्नीला पाठविला होता, हें त्यानें पुढें मेलबर्नच्या विजयानंतर स्वतःच सांगितलें. गुडघ्यांतील कूर्चा झिजून गेलेली होती. महामारीच्या काळांत त्यानें अय्यंगार पद्धतीचीं योगासनें सुरू केलीं आणि दुखणें आटोक्यांत आलें. (त्या पद्धतीचें माहेर पुणें आहे, म्हणून आम्हां पुणेकरांस या प्रकरणीं थोडें मिरवितां येईल, थोडें म्हणजे थोडेंच.) गुडघे सुधारले, परंतु पंचविशीचे झाले नाहींत. माझ्या मतें त्याच्या उत्तरकालीन खेळाचें इंगित येथें आहे. धांवून चूक सावरण्याची सोय संपली, तेव्हां चूक होणार नाहीं अशा ठिकाणीं आधीं उभें राहणें एवढाच मार्ग उरला. एकट्यानें गुण संपविण्याचा हव्यास सुटला. सर्व्हिस पूर्वींचीच जबर राहिली, पण तिचा हेतु पालटला. ती आतां जाळ्यापाशीं उभ्या असलेल्या जोडीदाराच्या हातीं सोपा चेंडू यावा म्हणून केलेली असे. २०२२ मध्यें मात्वे मिडलकूप या डच खेळाडूबरोबर तो फ्रेंच स्पर्धेच्या उपांत्य फेरीपर्यंत पोंचला, तेव्हां हा पालट प्रथम माझ्या ध्यानांत आला.

खेळाच्या नियमांनींही त्याला हात दिला, हें प्रामाणिकपणें सांगितलें पाहिजे. २००६ पासून व्यावसायिक दौऱ्यावरील दुहेरींत ड्यूसनंतर एकच निर्णायक गुण खेळतात, आणि तिसऱ्या सेटऐवजीं दहा गुणांचा टायब्रेक. सामना आंखूड झाला म्हणजे दमश्वासाचा वाटा कमी होतो. परंतु ग्रँड स्लॅममध्यें ही सवलत पुरती मिळत नाहीं. तेथें तिसरा सेट पुराच खेळावा लागतो. मेलबर्नचा उपांत्य सामना तसा तिसऱ्या सेटच्या टायब्रेकपर्यंत गेला होता आणि त्यानें तो काढला.

२०२३ च्या आरंभीं त्याची गांठ ऑस्ट्रेलियाच्या मॅथ्यू एब्डनशीं पडली. एब्डन त्याच्यापेक्षां सात-आठ वर्षांनीं लहान, अंगानें हलका, हातानें चपळ. बोपण्णाची सर्व्हिस जड, तर एब्डनचें रिटर्न तीक्ष्ण. एकाला जागा सोडावयाची नाहीं, दुसऱ्याला एका जागीं राहावयाचें नाहीं. दोन अर्धीं जुळून आलीं असें म्हणण्याचा मोह होतो, पण तें म्हणणें अपुरें आहे. असे पूरक गुण पूर्वींच्या जोड्यांतही होते. नवें होतें तें हें कीं, एब्डन आडवा झेपावून रिकाम्या केलेल्या जागेकडे बोपण्णा न पाहतां सरकूं लागला. त्याच वसंतांत त्यांनीं इंडियन वेल्स जिंकली. सप्टेंबरांत अमेरिकन स्पर्धेची अंतिम फेरी आली, कुरेशीबरोबरच्या फेरीनंतर तब्बल तेरा वर्षांनीं. पहिला सेट ६–२ असा जिंकून ते राजीव राम आणि जो सॅलिसबरी यांच्याकडून हरले.

त्या पराभवांतील एक क्षण मला विजयाहून अधिक बोलका वाटतो. निर्णायक सेट चालू असतां चेंडू आपल्या हाताला चाटून गेल्याचें बोपण्णानें आपण होऊन पंचास सांगितलें आणि गुण प्रतिपक्षास गेला. वृत्तपत्रांनीं त्याच्या सचोटीची वाखाणणी केली, ती योग्यच. पण येथें एक बारकावा आहे. एकेरींत असा गुण सोडणारा स्वतःचें सोडतो. दुहेरींत तो अर्धें दुसऱ्याचें सोडतो, आणि तेंही त्याला न विचारतां. जोडीदार कपाळास आंठी न घालतां पुढच्या गुणासाठीं सज्ज होईल याची खात्री असल्याखेरीज तें सोपें नाहीं; आणि अंतिम सामना हरूनही ती जोडी पुढें टिकली. चार महिन्यांनीं, २७ जानेवारी २०२४ रोजीं, मेलबर्नला पहिल्या सेटचा टायब्रेक त्यांनीं ७–० असा घेतला, दुसरा सेट ७–५ असा, आणि पुरुष दुहेरीचें जें ग्रँड स्लॅम विजेतेपद वीस वर्षें मिळालें नव्हतें तें मिळालें. मार्चमध्यें मियामी. पुढें ही जोडीही सुटली; कोणतीच जोडी त्याच्यापाशीं फार काळ टिकली नाहीं.

तेव्हां त्याची योग्यता काय ठरवावी? विजेतेपदांच्या संख्येनें पाहिलें तर पारडें हलकें आहे. दौऱ्यावरील सव्वीस विजेतेपदें, ग्रँड स्लॅम दोन. ब्रायन बंधूंनीं एकत्र सोळा ग्रँड स्लॅम स्पर्धा जिंकल्या. पेस आणि भूपती यांच्या जवळही बोपण्णा या हिशेबांत येत नाहीं, आणि ऑलिंपिकमध्यें तर पदक सदैव हातचें निसटलें. रिओला सानिया मिर्झासह तो चौथा आला. २०२४ मध्यें पॅरिसला श्रीराम बालाजीबरोबर पहिल्याच फेरींत हरला. त्याला थोर म्हणावें असा माझा आग्रह नाहीं. माझें म्हणणें एवढेंच आहे कीं, ज्या गोष्टी पेसला उपजत होत्या आणि ब्रायन बंधूंना रक्तांतून लाभल्या होत्या, त्या या माणसास चाळिशीनंतर शिकाव्या लागल्या. आणि शिकण्याची ती क्रिया त्याच्या खेळांत उघड दिसते. अभ्यासकास असा खेळाडू अधिक उपयोगी असतो. उपजत सिद्धीचें विश्लेषण करतां येत नाहीं. फार तर नमस्कार करतां येतो.

३० सप्टेंबर २०२३ रोजीं हांगचौच्या आशियाई खेळांत त्यानें आपल्या ऋतुजा भोसलेसह मिश्र दुहेरीचें सुवर्णपदक जिंकलें. पहिला सेट २–६ असा गेला होता. दुसरा ६–३, आणि शेवटचा टायब्रेक १०–४. अनुभवानें आणि वयानें दोघांत केवढें अंतर! अशा वेळीं थोरल्या खेळाडूनें सारें कोर्ट आपल्याकडे ओढून घेणें स्वाभाविक असतें. २०१० चा बोपण्णा बहुधा तेंच करता. २०२३ चा बोपण्णा आपल्या अठरा फुटांत राहिला.